यादींतून नोंदीकडे



आजचा विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. घरांतील अथवा कचेरींतील मेजावर जो संगणक असतो, त्यांत माहितीचा सांठा केलेला असतो. त्या सांठ्यांत आपण एखादें नांव शोधतों. पडद्यावर पांच-पंचवीस ओळींची यादी येते. त्यांतील हव्या त्या ओळीवर खूण करून आपण ती नोंद सविस्तर उघडतों. सारें काम अर्ध्या मिनिटाचें. मग त्यावर भाषण करण्यासारखें काय आहे, असा प्रश्न कोणीहि विचारील.

त्याचें उत्तर असें कीं, या अर्ध्या मिनिटांत एक मोठा धोका लपलेला असतो. शोध फसला तर तो फसल्याचें लगेच कळतें. यादी रिकामी येते, किंवा नको तीं नांवें दिसतात, आणि आपण पुन्हां शोधतों. परंतु यादी बरोबर आली आणि नोंद मात्र भलतीच उघडली, तर ती भलती नोंदहि तितकीच नीटनेटकी आणि तितकीच विश्वासार्ह दिसते. ती चुकीची आहे असें तिच्यावर कोठेंहि लिहिलेलें नसतें. आपण तिच्यांत लिहितों, ती जतन करतों आणि मिटतों. आणि एकाची हकीकत दुसऱ्याच्या नांवावर कायमची चढते. म्हणून शोधणें आणि उघडणें हीं दोन कामें एक नव्हेत, हें आधीं मनांत ठसलें पाहिजे. शोध सैल असावा. उघडणें मात्र नेमकें असावें. आजच्या भाषणाचें सार एवढेंच आहे. पुढें जें सांगावयाचें तें याच वाक्याचें स्पष्टीकरण होय.

उदाहरणासाठीं आपण एका गांवाकडे वळूं. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांत, अहिल्यानगरहून सोलापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मिरजगांव लागतें. समजा, पुण्यांत किंवा मुंबईंत स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन या गांवीं आहे, आणि घरांतील कोणी 'महाभूलेख' या सरकारी व्यवस्थेंत तिचा सातबारा पाहूं इच्छितो. तेथें प्रथम जिल्हा, मग तालुका, मग गांव निवडावें लागतें. त्यानंतर सर्व्हे नंबर वा गट नंबर, किंवा खातेदाराचें पहिलें नांव, मधलें नांव, आडनांव यांपैकीं कशाच्या तरी आधारें शोध घेतां येतो. ही पायरीपायरीची वाट कित्येकांना कंटाळवाणी वाटते. नुसतें 'कर्जत' म्हटलें म्हणजे पुरे नाहीं काय, असें त्यांना वाटतें. पुरे नाहीं. कर्जत नांवाचा एक तालुका कोंकणांत, रायगड जिल्ह्यांत आहे, आणि दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यांत. साऱ्या महाराष्ट्रांतील गांवांच्या एखाद्या यादींत 'मिरज' एवढींच अक्षरें घालून शोध केला, तर सांगली जिल्ह्यांतील मिरज आणि कर्जत तालुक्यांतील मिरजगांव हीं दोन्ही शेजारीं शेजारीं येऊन बसतील. बोट एक ओळ खालीं-वर पडलें कीं माणूस कृष्णेच्या खोऱ्यांतून निघून सीनेच्या खोऱ्यांत जाऊन पोहोंचेल.

गांवापर्यंत सुखरूप पोहोंचलों तरी नांवांचा घोळ संपत नाहीं. आपल्याकडे आजोबांचें नांव नातवाला ठेवण्याची चाल जुनी आहे. तिचा परिणाम काय होतो तो पाहा. आजोबांचें नांव गणपत आणि त्यांच्या वडिलांचें नांव विठ्ठल, असें धरून चालूं. गणपतरावांनीं आपल्या मुलाला त्याच्या आजोबांचें नांव ठेवलें. तो झाला विठ्ठल गणपत. त्या विठ्ठलाच्या मुलाला पुन्हां त्याच्या आजोबांचें नांव मिळालें. तो झाला गणपत विठ्ठल. म्हणजे आजोबाहि गणपत विठ्ठल आणि नातूहि गणपत विठ्ठल; आडनांव एक, गांव एक, घरहि बहुधा एकच. आणि वारसाची नोंद होईपर्यंत मृताचें नांव जमिनीच्या कागदांवर तसेंच राहतें, हें तर सर्वांस ठाऊक आहे. अशा वेळीं पहिलें, मधलें आणि शेवटचें अशीं तिन्ही नांवें पुरविलीं तरी यादींत दोन ओळी तंतोतंत सारख्या येऊं शकतात. नांव हें हांक मारण्यासाठीं असतें; ओळख पटविण्याचें सारें ओझें त्याच्यावर घातलें तर तें त्याला पेलत नाहीं.

हा गुंता संगणकानें निर्माण केलेला नाहीं, आणि त्याची सोडवणूकहि संगणकानें प्रथम शोधून काढलेली नाहीं. ती आपल्या गांवच्या महसुली दप्तरांत फार पूर्वींपासून आहे. मुंबई इलाख्यांत १९०३ सालच्या कायद्यानें जमिनीच्या हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली; पुढें महाराष्ट्रांत १९६६ ची जमीन महसूल संहिता आली. या पद्धतींत गांवनमुना सात म्हणजे अधिकार-अभिलेख आणि गांवनमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. हे दोन्ही नमुने एका कागदावर आले म्हणून त्या कागदाला सातबारा म्हणूं लागले. गांवनमुना आठ-अ मध्यें एका खातेदाराच्या नांवें गांवांत एकंदर किती जमीन आहे तें दिसतें. गांवनमुना सहा ही फेरफारांची नोंदवही. खरेदी, वारसा, वांटणी यांमुळें हक्कांत जो बदल होतो तो तिच्यांत प्रथम नोंदला जातो.

आतां या चार नमुन्यांची एकमेकांशीं गांठ कशानें बांधली आहे तें पाहा. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नांवापाशीं खाते-क्रमांक असतो. त्या क्रमांकानें आठ-अ चें नेमकें खातें मिळतें. तेथेंच फेरफाराचा क्रमांकहि असतो; त्या क्रमांकानें नोंदवहींतील नेमकी नोंद निघते. जुना जाणता कारकून नांवावरून केवळ अंदाज घेई. नोंद काढी ती क्रमांकावरून. शिवाय फेरफाराचा क्रमांक त्या गांवापुरताच खरा असतो, हेंहि तो जाणून असे. मिरजगांवचा एखादा फेरफार आणि शेजारच्या गांवचा त्याच क्रमांकाचा फेरफार यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. म्हणून गांव आणि क्रमांक हे दोन्ही मिळून पुरी ओळख होते. एकटा क्रमांक अर्धवट ठरतो.

शहरांतील श्रोत्यांना ग्रंथालयाचें उदाहरण अधिक जवळचें वाटेल. जुन्या ग्रंथालयांत लहान लहान खण असलेलें कपाट असे आणि त्यांत कार्डें ओळीनें लावलेलीं असत. एकाच पुस्तकाचें एक कार्ड लेखकाच्या नांवाखालीं, एक पुस्तकाच्या नांवाखालीं आणि एक विषयाखालीं ठेवीत. वाचकानें कोणत्याहि दारानें आंत यावें, त्याला मज्जाव नव्हता. परंतु तिन्ही कार्डांच्या कोपऱ्यांत एकच वर्गांक लिहिलेला असे, आणि मांडणीपर्यंतची वाट त्या वर्गांकानेंच सांपडे. १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडणाऱ्या डॉ. रंगनाथनांनीं वाचकाचा वेळ वांचवावा असा एक नियम त्यांत घातला, त्याचें मर्म याच व्यवस्थेंत आहे. तथापि एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असल्या, तर वर्गांक दोघींचा एकच. मग कोणती प्रत कोणाकडे गेली, कोणतीचीं पानें फाटलीं, हें कसें कळावें? त्यासाठीं प्रत्येक प्रतीवर स्वतंत्र दाखल-क्रमांक घालतात. तो एका प्रतीला एकदांच मिळतो आणि ती प्रत बाद झाली तरी दुसरीला देत नाहींत. पुस्तक शोधावें नांवानें, मांडणीवर पोहोंचावें वर्गांकानें, आणि देवघेवीची नोंद करावी दाखल-क्रमांकानें, असा हा क्रम आहे.

हाच विचार शास्त्राच्या भाषेंत मांडण्याचें श्रेय एडगर कॉड या गणितज्ञाकडे जातें. आय.बी.एम. या कंपनीच्या प्रयोगशाळेंत काम करीत असतांना त्यानें १९७० सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या कोष्टकांत मांडावी, आणि प्रत्येक ओळीला तिची एकटीची अशी ओळख असावी. दोन कोष्टकांची गांठ पडावयाची ती त्या ओळखीच्या द्वारें पडावी. ओळ कितव्या जागीं आहे यावर कांहीं अवलंबून राहूं नये, असें त्याचें प्रतिपादन होतें. या ओळखीला त्या विद्येंत 'प्रायमरी की' म्हणतात. आपण तिला ओळख-क्रमांक म्हणूं. पुढें ही विद्या मोठ्या यंत्रांतून उतरून मेजावर आली. १९८० च्या सुमारास 'डीबेस', १९९२ सालीं 'मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस', आणि त्यानंतर फुकट मिळणारें 'लिबरऑफिस बेस' अशा साधनांमुळें लहानसा दवाखाना, सहकारी पतसंस्था, शाळा किंवा घरगुती दुकान यांनाहि आपलें दप्तर संगणकांत ठेवतां येऊं लागलें. कॉडनें घालून दिलेली शिस्त मात्र या साधनांबरोबर आपोआप येत नाहीं. ती फॉर्म तयार करणाऱ्यानें पाळावी लागते.

आतां प्रत्यक्ष फॉर्मकडे येऊं. समजा, मिरजगांवासारख्या गांवीं एखादा दवाखाना आहे आणि तेथील रुग्णांच्या नोंदी संगणकांत आहेत. तेथें दोन फॉर्म असतात. पहिला शोधाचा. त्यांत वर एक रिकामी चौकट आणि खालीं निकालाची यादी. प्रत्येक ओळींत नांव, वय, गांव एवढाच मजकूर. दुसरा फॉर्म एका रुग्णाचा. त्यांत त्याचा पत्ता, पूर्वींचे आजार, चालू औषधें, आणि जें औषध त्याला सोसत नाहीं त्याची सूचना. पहिल्या फॉर्मवरील ओळीवर दोनदां टिचकी मारली कीं दुसरा फॉर्म उघडतो. त्या दवाखान्यांत एकाच भावकींतील एकाच नांवाच्या दोन स्त्रिया येतात, त्यांच्या नवऱ्यांचीं नांवेंहि सारखींच आहेत, आणि त्यांपैकीं एकीला पेनिसिलिन सोसत नाहीं. आतां कोणती नोंद उघडते, या प्रश्नाला जिवाचें मोल आलें. अशा जागीं ज्या चुका होतात त्या मुख्यतः चार प्रकारच्या असतात.

पहिली चूक अशी कीं, कोणत्याहि ओळीवर टिचकी मारा, दुसऱ्या फॉर्मवर नेहमीं पहिलाच रुग्ण येतो. याचें कारण सोपें आहे. फॉर्म उघडण्याची आज्ञा दिली, परंतु कोणाची नोंद हवी ही अट तिच्याबरोबर पाठविली नाहीं. कारकुनाला नुसतें 'वही उघड' म्हणून सांगितलें तर तो पहिलें पान उघडील. त्यांत त्याचा अपराध नाहीं. ही चूक त्यांतल्या त्यांत बरी, कारण ती लवकर लक्षांत येते.

दुसरी चूक अधिक घातक. अट पाठविली, पण ती नांवाची पाठविली. मग यंत्र त्या नांवाच्या साऱ्या नोंदी घेऊन येतें आणि त्यांतील पहिली दाखवितें. फॉर्मच्या तळाशीं बारीक अक्षरांत 'दोनपैकीं पहिली' असें लिहिलेलें असतें. घाईच्या वेळीं तिकडे कोण पाहतो? वर नांव बरोबर दिसतें, आडनांव बरोबर दिसतें, गांव बरोबर दिसतें; मनुष्य निश्चिंत होतो. दहा वेळां हा फॉर्म बरोबर चालतो, कारण दहा नांवें निराळीं असतात. अकराव्या वेळीं दोघी सारख्या नांवाच्या येतात, आणि त्याच वेळीं त्याची खरी परीक्षा असते.

तिसरी चूक म्हणजे जागेवरून नोंद उघडणें. यादींतील सातवी ओळ निवडली, म्हणून कोष्टकांतील सातवी नोंद उघडली. यादी ज्या क्रमानें दिसत होती त्याच क्रमानें कोष्टक असेल तोंपर्यंत हें निभतें. कोणी यादी वयाच्या क्रमानें लावली, किंवा दुसऱ्या खोलींतील संगणकावरून एक नवा रुग्ण मध्येंच नोंदला गेला, कीं सातवी ओळ एकीची आणि सातवी नोंद दुसरीची होते. रांगेंतील जागा ही माणसाची ओळख नव्हे. रांग हलली कीं ती नाहींशी होते.

चौथी चूक म्हणजे फॉर्म उघडतो, पण कोराच. याचीं कारणें बहुधा तीन असतात. तो फॉर्म केवळ नव्या नोंदी घेण्यासाठीं राखून ठेवलेला असतो, त्यामुळें जुनें कांहीं दाखवीतच नाहीं. किंवा ओळख-क्रमांक एके ठिकाणीं अंक म्हणून आणि दुसरे ठिकाणीं अक्षरें म्हणून सांठविलेला असतो. '००१०७' हीं अक्षरें आणि १०७ ही संख्या माणसाला एक वाटतात, यंत्राला नाहीं. मराठी अंकांत लिहिलेला क्रमांक आणि इंग्रजी अंकांत लिहिलेला क्रमांक यांचीहि तीच गत. किंवा यादींतील नोंद नुकतीच लिहिलेली असते आणि अद्याप जतन झालेली नसते. जी कोष्टकांत पोहोंचलीच नाहीं ती दुसऱ्या फॉर्मला कोठून मिळणार? कोरा फॉर्म दिसतांच अननुभवी मनुष्याला वाटतें कीं नोंद हरवली, आणि तो तीच माहिती पुन्हां भरतो. अशा रीतीनें एका माणसाच्या दोन नोंदी होतात. अर्धी हकीकत एकींत आणि अर्धी दुसरींत. पेनिसिलिनची सूचना ज्या अर्ध्या भागांत असेल तोच पुढच्या वेळीं उघडेल, याची हमी कोणी द्यावी?

या चारहि चुकांवर उपाय मुळांत एकच आहे. यादींतील प्रत्येक ओळीनें आपला ओळख-क्रमांक बरोबर बाळगावा. तो डोळ्यांना दिसो वा न दिसो, ओळीच्या पोटांत तो असलाच पाहिजे. टिचकी पडतांच आज्ञा जावयाची ती अशी: रुग्णांचा फॉर्म उघड, आणि ज्या नोंदीचा क्रमांक या ओळीच्या क्रमांकाइतका आहे तेवढी एकच दाखव. त्यापूर्वीं हातांतील नोंद लिहून अपुरी राहिली असेल तर ती जतन कर. आणि त्या क्रमांकाची नोंद सांपडली नाहीं, तर कोरा फॉर्म पुढें न करतां, ती सांपडली नाहीं असें स्पष्ट सांग. 'लिबरऑफिस बेस'मध्यें मुख्य फॉर्म आणि त्याच्या पोटांतील उपफॉर्म अशी रचना करतात; तेथेंहि दोघांना जोडणारा दुवा म्हणून हाच क्रमांक द्यावा लागतो.

परतीच्या वाटेचाहि विचार केला पाहिजे. दुसऱ्या फॉर्ममध्यें आपण गांवाचें नांव दुरुस्त केलें आणि तो मिटला, तरी मागची यादी जुनेंच नांव दाखवीत राहते. ती ताजी करावी लागते. पण यादी ताजी केली कीं खूण पुन्हां पहिल्या ओळीवर उडी मारते, आणि पुढची टिचकी त्या पहिल्याच ओळीवर पडण्याचा संभव असतो. म्हणून यादी ताजी करण्यापूर्वीं चालू ओळीचा क्रमांक लक्षांत ठेवावा आणि नंतर खूण त्याच क्रमांकाच्या ओळीवर आणून ठेवावी. येथेंहि ओळीची जागा कामाला येत नाहीं, क्रमांकच येतो.

हा क्रमांक कसा असावा, याविषयींहि थोडें सांगितलें पाहिजे. तो शक्य तों अर्थशून्य असावा. ज्यांत अर्थ भरला तें कधीं ना कधीं बदलतें. २०११ च्या जनगणनेंत अहमदनगर जिल्ह्याला ५२२ हा संकेतांक होता. २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. ज्या दप्तरांनीं जिल्ह्याचें नांव हीच त्याची ओळख मानली असेल, त्यांच्या जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी यांची ताटातूट होते. ज्यांनीं नोंदी एखाद्या संकेतांकाशीं बांधल्या, त्यांना एका जागीं नांव बदललें कीं पुरे. तोच न्याय दूरध्वनीच्या क्रमांकाला लागू आहे. खेड्यांत साऱ्या घराचा एकच मोबाईल क्रमांक दवाखान्यांत दिलेला असतो. त्यावरून घर सांपडेल, माणूस सांपडणार नाहीं.

येथपर्यंत उघडण्याच्या नेमकेपणाविषयीं बोललों. शोध सैल असावा असें जें आरंभीं म्हटलें, त्याचें कारण आपल्या लिपींत आणि लेखनपद्धतींत आहे. १९६२ सालीं मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. जुन्या वळणाचा मनुष्य 'मिरजगांव' लिहितो, नव्या वळणाचा 'मिरजगाव' लिहितो. वाचणाऱ्याला दोन्ही एकच. परंतु यंत्र अक्षर न् अक्षर ताडून पाहतें, त्यामुळें त्याला हीं दोन निराळीं गांवें वाटतात. शेजारच्या जामखेड तालुक्यांतील, अहिल्यादेवींच्या जन्मानें पावन झालेलें गांव कोणी 'चोंडी' लिहितात, कोणी 'चौंडी'. म्हणून शोधाच्या चौकटींत थोडीं अक्षरें घालून पुष्कळ ओळी मिळाव्यात, अनुस्वाराची सूट असावी, आरंभींचीं दोन-तीन अक्षरें जुळलीं तरी चालावें, हेंच योग्य. यादींत दहा ओळी जास्त आल्या तर बिघडत नाहीं. हवी ती ओळ मात्र सुटतां कामा नये. निवड करणारा डोळा माणसाचा आहे, आणि त्याला निवडीस पुरेसा मजकूर ओळींतच मिळाला पाहिजे: नुसतें नांव नव्हे, तर जन्मवर्ष, गांव, वस्ती असें कांहीं तरी, कीं ज्यामुळें सारख्या नांवाच्या दोघी वेगळ्या दिसतील.

श्रोत्यांपैकीं फॉर्म तयार करणारे थोडे असतील. परंतु अशा फॉर्मांचा ज्यांच्याशीं संबंध येतो असे आपण सर्वच आहोंत. पतसंस्थेच्या खिडकीपाशीं, दवाखान्यांत, शाळेच्या कचेरींत आपलें नांव विचारतात, यादी निघते, आणि समोरचा गृहस्थ कोणती तरी ओळ निवडतो. तेव्हां नुसतें 'हो, तोच मी' म्हणूं नये. उघडलेल्या नोंदींतील जन्मवर्ष किंवा पत्ता त्यानें वाचून दाखवावा असें नम्रपणें सांगावें, आणि आपला क्रमांक असलेला कागद जवळ बाळगावा. ज्यांच्या घरीं अथवा दुकानांत असा फॉर्म वापरांत आहे त्यांनीं त्याची परीक्षा एकदां अवश्य घ्यावी. एकाच नांवाच्या दोन खोट्या नोंदी मुद्दाम कराव्या आणि दोन्ही उघडून पाहाव्या. यादीचा क्रम उलटा लावून तीच ओळ पुन्हां उघडावी. एक नवी नोंद लिहून लगेच ती यादींतून उघडावी. उघडलेल्या नोंदींत एखादें अक्षर बदलून, फॉर्म मिटून, यादी काय दाखविते तें पाहावें. या चार परीक्षांना फार तर पाव तास लागेल. त्यांत जो फॉर्म उतरला त्यावर विश्वास टाकावा. जो उतरला नाहीं तो कितीहि देखणा असला तरी दुरुस्त करून घ्यावा. आणि नोंद प्रथम केवळ वाचण्यासाठीं उघडावी, बदल करण्याची मुभा मागाहून स्वतंत्रपणें घ्यावी लागावी, एवढी सोय त्यांत करून घेतली तर निष्काळजीपणाचे पुष्कळ अपघात टळतील.

यंत्राला आपण आज्ञाधारक म्हणतों, आणि तें खरेंहि आहे. परंतु आज्ञाधारक नोकराला अर्धी आज्ञा देणारा धनी स्वतःच्याच नुकसानीला वाट करून देत असतो. 'त्याची नोंद आण' ही अर्धी आज्ञा झाली. 'या क्रमांकाची, हीच एक नोंद आण' ही पुरी आज्ञा. गांवच्या दप्तरांतील फेरफारापासून मेजावरच्या संगणकापर्यंत साधनें बदललीं, पण हा भेद बदललेला नाहीं. प्रत्येक नोंदीच्या मागें एक जिवंत मनुष्य, त्याची जमीन, त्याची ठेव किंवा त्याचें आरोग्य असतें. त्याला त्याच्या सारख्याच नांवाच्या दुसऱ्यापासून वेगळें ओळखणें, हें नोंद ठेवणाऱ्याचें पहिलें कर्तव्य आहे. आणि तें कर्तव्य पार पाडलें जातें कीं नाहीं, याचा निर्णय यादींतील एका ओळीवर पडणाऱ्या टिचकीनें होत असतो.